खत हप्त्याने, व्यायामही हप्त्याने

(ऊस विकास विभागाकडून)



या पानावर आम्ही एरवी बेणेप्रक्रिया, खोडवा, हुमणी आणि पाचट यांविषयीच लिहीत असतो. या खेपेस विषय निराळा आहे. काही मंडळी म्हणतील, "साहेबांना उसाचं सोडून हे जोर-बैठकांचं काय सुचलं?" पण गोष्ट आमच्या घरात घडली आहे, आणि तुमच्या घरात घडू नये म्हणून लिहीत आहोत. शेवटपर्यंत वाचावे, ही विनंती.

गेल्या वर्षी गळीत हंगाम आटोपला, तोडणीच्या टोळ्या आपापल्या गावी परतल्या आणि एप्रिलमध्ये आम्हास कामानिमित्त मुंबईस जावे लागले. मुंबईचे काम म्हणजे मुक्काम डोंबिवलीस, आमच्या थोरल्या बहिणीकडे. कराडला कोयना एक्सप्रेस धरायची, कल्याणला उतरायचे आणि लोकलने ठाकुर्लीनंतरचे स्टेशन गाठायचे, हा आमचा वीस वर्षांचा रिवाज. आपल्या भागातली किती तरी घरे आज डोंबिवली, कल्याण, ठाण्याच्या बाजूस आहेत. शेत इकडे आणि पगार तिकडे, अशी आपल्यातल्या पुष्कळांची स्थिती आहे.

डोंबिवलीकराचा दिवस आपण बघितला पाहिजे. आमचा भाचा सत्तावीस वर्षांचा, मुंबईत एका खाजगी कंपनीत कामाला. सकाळी सातला घर सोडतो. मुंबई सीएसएमटी तिथून सुमारे ४८ किलोमीटर. गाडीत शिरायलाच अंगात ताकद लागते, आणि एकदा शिरले की हात खिशात घालायला जागा नाही. घरी यायला रात्रीचे नऊ. दिवसभर खुर्ची आणि येता-जाता उभे. अशा माणसाने तालमीत जावे कधी?

२०२० च्या मार्चात लोकल बंद पडली, माणसे घरात कोंडली गेली. त्या दिवसांत भाच्याने घरीच व्यायाम सुरू केला. पुढे लोकल सुरू झाली, व्यायाम मात्र राहिला. कधी महिनाभर जोरात, कधी दोन महिने बंद, असे त्याचे चाले.

आम्ही गेलो तेव्हा जोर होता. सकाळी साडेपाचला धप्प-धप्प आवाजाने आम्हास जाग आली. बघतो तो दिवाण भिंतीला सरकवलेला, सतरंजी अंथरलेली, मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केलेला. मोबाईलमधला एक पिळदार गडी इंग्रजीत आकडे मोजतोय आणि त्याच्याबरोबर भाचा उड्या मारतोय. दहा बाय बाराची खोली. थोड्या वेळाने खालच्या मजल्यावरच्या आजींनी काठीने छत ठोकले. आक्का स्वयंपाकघरातून म्हणाली, "अरे, हळू! त्या परवा जिना चढून आल्या होत्या भांडायला."

आम्ही विचारले, "हे काय रे?"

"मामा, तीस दिवसांचं चॅलेंज आहे. काही सामान लागत नाही. आपलं वजन हेच वजन."

प्रकार असा होता. उभे राहायचे, खाली बसून हात जमिनीला टेकायचे, पाय मागे फेकायचे, एक जोर काढायचा, पाय परत जवळ घ्यायचे आणि टाळी वाजवत वर उडी मारायची. याला बर्पी म्हणतात. वीस सेकंद जीव तोडून करायचे, दहा सेकंद थांबायचे, असे आठ वेळा. म्हणजे चार मिनिटांत खेळ खलास.

"चारच मिनिटं?" आम्ही हसलो. भाचा म्हणाला, "तुम्ही या ना मामा."

आम्ही उतरलो. सभासदांपासून काय लपवायचे? दुसऱ्या फेरीला आमचा श्वास वर-खाली झाला, तिसरीला भिंत धरली आणि चौथीला खुर्ची. बाराव्या बर्पीला आमचा व्यायाम संपला. वीस वर्षांपूर्वी आम्ही दिवसाला तीन गावचे ऊस प्लॉट सायकलवर फिरत असू. मग मोटरसायकल आली, गट ऑफिसात खुर्ची आली, आणि पोट केव्हा पुढे आले ते कळले नाही. तिसऱ्या दिवशी मांड्या अशा भरून आल्या की डोंबिवली स्टेशनचा जिना आम्ही कठड्याला धरून, एकेक पायरी मोजत उतरलो. मागची गर्दी काय बोलली ते इथे छापण्यासारखे नाही.

हे नवे नाही

गावी परतल्यावर आम्ही या विषयाचे थोडे वाचन केले. लक्षात आले, की 'बिनसामानाचा, घरच्या घरी' ही कल्पना आपल्या मातीत जुनीच आहे. जोर आणि बैठका हे तालमीचे अर्धे शिक्षण. भाच्याची बर्पी तर आपल्या पैलवानांच्या सपाट्यांच्याच जातकुळीतली. दत्तात्रय चिंतामण उर्फ आबासाहेब मुजुमदारांनी बडोद्याहून व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढले. या देशी विद्येचा पसारा केवढा आहे, हे ते खंड बघितले म्हणजे समजते.

आणि सूर्यनमस्कार तर आपल्या सातारा जिल्ह्याचाच अभिमान. औंधचे राजेसाहेब भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला. स्वतः रोज घातले, संस्थानच्या शाळांतून मुला-मुलींना घालायला लावले, त्यावर पुस्तक लिहिले. १९३८ साली लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंच्या संपादनाने त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनहून निघाले. लंडनच्या बायका घरच्या सतरंजीवर औंधचा व्यायाम करू लागल्या, त्याला आता ऐंशीहून अधिक वर्षे झाली. आज तेच मोबाईलवर इंग्रजीतून आपल्या पोरांकडे परत येते आहे, एवढाच फरक.

परदेशांतल्या दोन-तीन गोष्टीही सांगण्यासारख्या आहेत. बर्पी हे नाव रॉयल बर्पी या अमेरिकन माणसाचे. त्याने १९३० च्या दशकाच्या शेवटी हा प्रकार काढला तो तब्येत तपासायला. चारच वेळा करायचे आणि आधीची व नंतरची नाडी मोजायची. आज लोक शंभर-शंभर काढतात ती चीज मुळात चारची! वीस सेकंद आणि दहा सेकंदांचा हिशोब जपानच्या इझुमी ताबाता यांच्या नावाने चालतो. त्यांचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. पण तो तरुण, आधीच व्यायामाची सवय असलेल्या गड्यांवर केलेला, तोही व्यायामाच्या सायकलवर. खुर्चीवरून उठून आलेल्या आमच्यासारख्यावर नव्हे.

आम्हास सर्वांत आवडली ती कॅनडाच्या हवाई दलाची रीत. १९५० च्या दशकाच्या अखेरीस बिल ऑर्बन यांनी ती बसवली. दूरदूरच्या तळांवर व्यायामशाळा नाही, सामान नाही, म्हणून पाच व्यायाम, रोज फक्त अकरा मिनिटे. पण खरी मेख पुढे आहे. कितीही तगडा असो, प्रत्येकाने सर्वांत खालच्या पायरीपासून सुरुवात करायची. आणि वय जितके जास्त, तितके एकेका पायरीवर जास्त दिवस थांबायचे. हे वाक्य सभासदांनी ध्यानात ठेवावे. याच वाक्यापाशी आमची चूक झाली.

आमची चूक

डोंबिवलीच्या त्या मुक्कामात रात्री जेवताना भाचा आपल्या तीस दिवसांच्या चॅलेंजची फुशारकी मारत होता. आम्ही म्हटले, "हे काय सांगतोस? आमच्या गावच्या तालमीतले एक पैलवान एका दमात हजार बैठका काढायचे. शेवटपर्यंत पाठ ताठ." वर खाशाबा जाधवांचेही सांगितले. गोळेश्वरचा शेतकऱ्याचा पोर, १९५२ साली हेलसिंकीहून ब्राँझ पदक घेऊन आला, स्वतंत्र भारताचे वैयक्तिक खेळातले पहिले ऑलिंपिक पदक. ते मोबाईल बघून झाले होते का? दाजी हसले, भाचा गप्प बसला. आम्हास वाटले, पोराला चार गोष्टी सांगितल्या, बरे झाले.

मेच्या शेवटच्या आठवड्यात आक्काचा फोन आला. आवाज कापत होता. "अरे, ह्याला लघवी काळी होतेय."

झाले होते असे. मधे तीन आठवडे ऑफिसच्या कामाने व्यायाम बंद होता. मग मित्रामित्रांत पैज लागली, रविवारी आपापल्या घरी, एका बैठकीत पाचशे बैठका. मे महिना, डोंबिवलीचा घामट उकाडा, त्यात दुपारी वीज गेलेली. हा दोनशेवर थकला, तीनशेवर पाय थरथरू लागले, तरी थांबला नाही. पाचशे पुऱ्या केल्या. सोमवारी पाय वाकेनात. पोराला वाटले, व्यायाम अंगी लागला. मंगळवारी मांड्या सुजून टणक झाल्या, संडासला बसता येईना, आणि लघवीचा रंग काकवीसारखा. आपण कारखान्याची माणसे, काकवीचा रंग आपल्याला सांगायला नको. आक्काला वाटले कावीळ. गल्लीतल्या डॉक्टरांनी रंग विचारला आणि क्षणही न घालवता दवाखान्यात भरती करायला सांगितले.

आम्ही रात्रीच्या गाडीने निघालो. पोराच्या हाताला सलाईन, तोंड उतरलेले. आम्हास बघून म्हणाला, "मामा, तुमच्या पैलवानाच्या निम्म्याच काढल्या मी."

त्या वाक्याने आम्हास जे वाटले ते लिहिता येत नाही. आम्ही त्याला हजार बैठकांची गोष्ट सांगितली, पण अर्धीच. ते पैलवान आठ-नऊ वर्षांचे असताना तालमीत आले. वस्तादांनी पहिल्या दिवशी वीस बैठका देऊन घरी धाडले होते. वीसाच्या हजार व्हायला बारा-पंधरा वर्षे गेली. एकदा आजारातून उठल्यावर वस्तादांनी त्यांना परत पन्नासवर आणले होते. हे सगळे आम्हास माहीत होते. जेवताना सांगितले नाही, कारण हजार हा आकडा ऐकायला गोड लागतो आणि वीस हा लागत नाही.

डॉक्टरांनी आम्हास समजेल असे सांगितले. सवय नसलेल्या स्नायूंना एकदम फार राबवले, की त्यांचे तंतू तुटतात. थोडे तुटणे नेहमीचेच, त्यामुळेच दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखते आणि मग स्नायू बळकट होऊन भरून येतो. पण हद्दीपलीकडे तुटले तर आतला रंगीत पदार्थ रक्तात उतरतो, तिथून मूत्रपिंडात जातो. लघवी काळपट होते ती त्याने. मूत्रपिंड त्याने चोंदले तर डायलिसिसची पाळी येते, कधी जिवावरही बेतते. उकाडा, कमी पाणी, अंगात ताप, दारू, आणि काही औषधे, जसे कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, यांनी धोका वाढतो. बैठकांत मांडीचे स्नायू राबतात, ते शरीरातले सर्वांत मोठे, म्हणून तुटले तर मालही तसाच जास्त सुटतो.

भाचा वेळेत पोचला. चार दिवस सलाईनवर सलाईन चालले, लघवीचा रंग उतरला, मूत्रपिंड वाचले. महिनाभर व्यायाम बंद, पुढे डॉक्टरांच्या सांगण्याने थोडे-थोडे चालणे. आक्का आम्हास एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरे वाटले असते.

युरियाचे पोते आणि बैठका

परतीच्या गाडीत आमच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. आम्ही गावोगावच्या मेळाव्यात घसा कोरडा करून सांगतो, की नत्र एकदम टाकू नका. सुरू उसाला लागणीच्या वेळी दहा टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी चाळीस टक्के, बारा ते सोळा आठवड्यांनी दहा टक्के आणि मोठ्या बांधणीला उरलेले चाळीस टक्के. कोणी म्हणाला, "साहेब, सगळं खत एकदाच टाकतो, कटकट नको," तर आम्ही त्याच्यावर रागावतो. पीक तेवढे खात नाही, बाकीचे वाहून जाते, वर कोवळ्या मुळ्यांना चटका बसतो. लागणीपासून तोडणीपर्यंत बारा महिने लागतात, ऊस घाई करत नाही. हे उसाबाबत ज्याला समजते, त्याला घरच्या पोराबाबत समजू नये?

बरे, खत धोक्याचे म्हणून कोणी टाकायचेच बंद करत नाही. व्यायामाचेही तसेच. डोंबिवलीच्या प्रकाराने घाबरून सतरंजी गुंडाळून ठेवावी, असे आमचे म्हणणे नाही. न करण्याचा धोका आम्ही स्वतःच भोगत आहोत. दोन वर्षांपूर्वी आरोग्य शिबिरात आमची उपाशीपोटीची साखर ११८ निघाली. शंभरच्या आत हवी, १२६ झाली की मधुमेह धरतात. साखर कारखान्याच्या माणसाला साखर, म्हणून सगळे हसले, आम्हीही हसलो आणि विसरलो. आज शेतकऱ्याचे अंगमेहनतीचे कामही कमी झाले आहे. नांगरट ट्रॅक्टरने, तोडणी टोळीने, पाणी ठिबकच्या कॉकने, आणि शेताकडे फेरी मोटरसायकलवर. राबता स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो. बसलेल्या माणसाच्या रक्तात ती फिरत राहते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी जे प्रमाण दिले, ते आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायामाचे आहे, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोराच्या व्यायामाचे. शिवाय आठवड्यातून निदान दोन दिवस ताकदीचा व्यायाम. म्हणजे रोज बावीस-पंचवीस मिनिटे भरभर चालणे आणि एक दिवसाआड थोड्या जोर-बैठका. एवढे कुणालाही झेपते, आणि त्याला तालीम लागत नाही, सामान लागत नाही.

भरतीच्या पोरांसाठी खास

हा मजकूर वडीलधाऱ्यांनी पोरांना वाचून दाखवावा. पोलीस भरतीची जाहिरात निघाली की आपल्या गावची पोरे दुसऱ्याच दिवशी पहाटे रस्त्यावर दिसतात. मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. कालपर्यंत पारावर बसलेला पोरगा आज सोळाशे मीटर जीव तोडून पळतो आणि वर दोनशे बैठका काढतो, तेही उपाशीपोटी, पाणी न पिता. अशा पोरांची आम्हास आता काळजी वाटते. जाहिरातीची वाट न बघता आजपासून थोडे थोडे सुरू करा. जाहिरात आली तेव्हा तुमचा ऊस मोठ्या बांधणीला आलेला असला पाहिजे.

आमच्या अनुभवाचे आणि डॉक्टरांच्या सांगण्याचे सार पुढे देतो.

१. पहिल्या आठवड्यात थकण्याआधी थांबा. दहा बैठका आणि पाच जोर, तेही जमिनीवर जमत नसतील तर बांधाला किंवा ओट्याला हात टेकून. पाच सूर्यनमस्कार पुरेत.

२. दर आठवड्याला थोडीच भर घाला. काल दुखले तिथे आज विश्रांती द्या.

३. खाडा पडला, ताप येऊन गेला, तर मागच्या आकड्यावर परत उडी नको. निम्म्यावरून सुरू करा.

४. उन्हाच्या कडाक्यात नको. पहाटे करा, पाणी पीत करा.

५. पैज नको. पैजेत थांबायचे कधी, हे अंग ठरवत नाही, समोरचा ठरवतो.

६. चाळिशी ओलांडलेल्यांनी, साखर, रक्तदाब, हृदयाचे दुखणे असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. छातीत दाटले, चक्कर आली, तर तिथेच थांबावे.

७. व्यायामानंतर स्नायू टणक सुजले आणि लघवी चहासारखी किंवा काकवीसारखी झाली, तर घरगुती उपाय नकोत. त्याच दिवशी दवाखाना.

आता काय चालले आहे

आम्ही गेल्या जूनपासून सुरुवात केली, दहा बैठका आणि पाच सूर्यनमस्कारांनी. पहिला महिना आमचे आम्हासच हसू येई. आज चाळीस बैठका, पंधरा जोर आणि बारा सूर्यनमस्कारांपर्यंत आलो आहोत. चार किलो वजन उतरले. मागच्या तपासणीत साखर १०६ होती. अजून शंभराच्या आत यायची आहे, घाई नाही.

भाचा दिवाळीला गावी आला होता. आम्ही त्याला घेऊन तालमीत गेलो आणि त्या हजार बैठकांच्या पैलवानांना भेटवले. आता त्यांचे वय सत्तरीच्या पुढे, गुडघे दुखतात, तरी रोज वीस बैठका काढतात. डोंबिवलीची हकिगत त्यांनी ऐकून घेतली. पोराच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "पाचशे काढल्यास, पण दुसऱ्या दिवशी एक तरी काढता आली का? मग काय उपयोग?" आणि आमच्याकडे वळून, "तुम्ही शिकलेली माणसं, साहेब. सांगायचं तर सगळं सांगावं."

सगळे सांगायचे म्हणून हा लेख. अर्धी गोष्ट सांगण्याची चूक आमच्याकडून पुन्हा होऊ नये.

असो. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सहा वाजता आम्ही गट ऑफिसच्या आवारात असतो. सतरंजी ज्याची त्याने आणावी. पहिल्या दिवशी कोणालाही दहाच्या वर बैठका काढू दिल्या जाणार नाहीत, मग तो भरतीचा पोरगा असो की संचालक.

जय सहकार!